कॅमेऱ्याच्या माहेरी : वेट्झलार

जर्मनीत वर्षानुवर्षं राहूनही आपण वेट्झलारला जात नाही. भारतातून पाहुणे आले की आपले कार्यक्रम ठरलेले असतात. हायडेलबर्गचा किल्ला, ऱ्हाइनमधली बोट, कोलोनचं कॅथीड्रल आणि वेळ उरला तर ब्लॅक फॉरेस्टमधली कोकिळा घड्याळं. फ्रँकफर्टपासून जेमतेम तासाभरावर, लान नदीच्या काठी वसलेलं हे टुमदार गाव त्या यादीत कधीच नसतं. आम्हीही दोन तपं इथे काढून तिकडे फिरकलो नव्हतो. गेलो ते एका बातमीमुळे.

११ जून २०२२ रोजी वेट्झलारमध्ये एका कॅमेऱ्याचा लिलाव झाला. कॅमेरा १९२३ सालचा, मुठीत मावेल एवढा. बोली दहा लाख युरोंपासून सुरू झाली आणि एक कोटी वीस लाखांवर थांबली. लिलावसंस्थेचं कमिशन धरून घेणाऱ्याने मोजले एक कोटी चव्वेचाळीस लाख युरो. आपल्या हिशेबात शंभर कोटी रुपयांच्या वर! जगात आजवर कुठल्याही कॅमेऱ्याला एवढी किंमत आलेली नव्हती. बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रातही छापून आली आणि त्याच रात्री आमचा फोन वाजला.

"अरे, नानांचा कॅमेरा लायकाच ना? तुमच्याकडेच आहे ना तो? मग जरा चौकशी करा की, काय येतील त्याचे!"

आमच्या नानांनी १९५० च्या दशकात मुंबईत, फोर्टमधल्या एका दुकानातून लायका घेतला होता. त्या काळी आयातीवर नाना तऱ्हेची बंधनं, पगार तो केवढा, आणि तरीही त्यांनी तो घेतला. का घेतला हे कोडं आईला शेवटपर्यंत सुटलं नाही. नाना गेल्यावर मागल्या भारतवारीत तो कॅमेरा आमच्या सुटकेसमधून इकडे आला. आता आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरत होतं, खर्चाची जुळवाजुळव चालली होती. भाऊच्या आवाजातली आशा आम्हाला फोनवरूनही ऐकू येत होती. त्यामुळे वेट्झलारची ही फेरी नुसती सहल नव्हती.

स्टेशनातून बाहेर पडून नदीकडे चालू लागलं की पंधरा-वीस मिनिटांत जुना दगडी पूल येतो. पलीकडे चढणीवर लाकडी चौकटींची घरं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि सगळ्यांच्या डोक्यावर गावचं कॅथीड्रल. हे कॅथीड्रल तेराव्या शतकात बांधायला घेतलं ते आजतागायत पुरं झालेलं नाही. दोन मनोऱ्यांपैकी एकच वर चढला, दुसरा खालीच राहिला. एकाच छपराखाली कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांच्या प्रार्थना होतात. आपल्याकडच्या एखाद्या देवळा-दर्ग्याच्या शेजाराची आठवण व्हावी असा हा प्रकार.

वाङ्मयप्रेमींना वेट्झलार ठाऊक असतं ते गटेमुळे. १७७२ साली तरुण गटे इथल्या साम्राज्याच्या न्यायालयात वकिलीचे धडे गिरवायला आला आणि कायदा बाजूला ठेवून शार्लोट बुफच्या प्रेमात पडला. तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं होतं. त्यातून १७७४ मध्ये 'वेर्थर' ही कादंबरी जन्मली आणि अवघा युरोप रडला. शार्लोटचं घर आज संग्रहालय म्हणून जपलेलं आहे.

पण आम्ही शोधत होतो तो आयझेनमार्क्ट, म्हणजे लोखंडबाजार. नाव बाजाराचं असलं तरी आहे एक छोटासा उतरता चौक. १९१४ च्या सुमारास ऑस्कर बारनाक नावाच्या कारागिराने इथे उभं राहून समोरच्या लाकडी चौकटीच्या घराचा फोटो काढला. हातात त्याने स्वतःच बनवलेला छोटा कॅमेरा होता. तो जिथे उभा होता तिथे आज फरसबंदीत एक धातूची तबकडी बसवली आहे. समोरचं घर अजून उभं आहे. आम्ही पोचलो तेव्हा दोन जपानी गृहस्थ गळ्यात कॅमेरे अडकवून शांतपणे आपल्या पाळीची वाट बघत होते. आमची पाळी आली तेव्हा आम्हीही त्या तबकडीवर उभे राहिलो. पंढरीच्या पायरीवर जसं वाटतं तसं काही वाटलं नाही, पण खोटं कशाला बोला, अंगावर किंचित काटा आला खरा.

बारनाक मूळचा ब्रांडेनबुर्गचा, जन्म १८७९ चा. १९११ मध्ये तो वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत आला. ही कंपनी सूक्ष्मदर्शक यंत्रांसाठी नावाजलेली होती, कॅमेऱ्यांशी तिचा फारसा संबंध नव्हता. बारनाकला फोटोंचा नाद आणि दम्याचा विकार. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेच्या जड प्लेटा आणि तिपाई. हा बोजा घेऊन डोंगर चढायचा कसा? त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली. सिनेमात ती उभी धावते आणि एक चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची असते. बारनाकने तीच आडवी चालवली आणि दोन चौकटींची एक केली. झाली २४ बाय ३६. आपल्या सगळ्यांच्या घरी निगेटिव्हच्या ज्या पट्ट्या आहेत, मुंजीच्या, बारशाच्या, विमानतळावरच्या निरोपाच्या, त्यांचं माप या दमेकरी माणसाने या गावात ठरवलं. फिल्मचा जमाना गेला तरी महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांत 'फुल फ्रेम' म्हणतात ती हीच चौकट.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. नंतर १९२३ मध्ये, जर्मनीत पावासाठी पोतंभर नोटा द्याव्या लागत होत्या त्या दिवसांत, कंपनीने वीस-पंचवीस कॅमेरे चाचणीसाठी बनवले आणि फोटोग्राफर मंडळींना वापरून बघायला दिले. हीच ती प्रसिद्ध 'शून्य मालिका'. हे कॅमेरे धड सोयीचेही नव्हते. फिल्म पुढे सरकवताना भिंगावर टोपण घालावं लागे, नाहीतर आत उजेड शिरायचा. अभिप्राय उलटसुलट आले. १९२४ च्या जूनमध्ये बैठक झाली, बऱ्याच जणांचं मत पडलं की या भानगडीत पडू नये. शेवटी मालक एर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी सांगितलं की धोका पत्करायचा. १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत कॅमेरा लोकांपुढे आला. लाइट्झचा 'लाइ' (मराठी जिभेवर 'लाय') आणि कॅमेऱ्याचा 'का' मिळून नाव पडलं लायका.

आणि ते एक कोटी चव्वेचाळीस लाखांचं प्रकरण? तो शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा. बारनाक तो स्वतः वापरत असे आणि त्याच्या माथ्यावर बारनाकचंच नाव कोरलेलं आहे.

गावाबाहेर टेकडीवर लाइट्झ पार्क आहे. कंपनी मधली पंचवीसेक वर्षं शेजारच्या झोल्म्स गावी होती, २०१४ मध्ये माहेरी परतली. इमारती गोल गोल, भिंगांच्या आकाराच्या. आत काचेपलीकडे कारागीर पांढऱ्या डगल्यांत बसून भिंगं पुसताना, जुळवताना दिसतात. शेजारच्या दालनांत जुने कॅमेरे, जगप्रसिद्ध छायाचित्रं आणि एका भिंतीवर या घराण्याचा इतिहास. त्यातला एक भाग आम्हाला कॅमेऱ्यांपेक्षाही मोलाचा वाटला. हिटलरच्या राज्यात एर्न्स्ट लाइट्झ यांनी आपल्याकडच्या ज्यू कामगारांना आणि त्यांच्या नातलगांना परदेशी नेमणुका देऊन गुपचूप बाहेर काढलं, कितीकांना न्यूयॉर्कच्या कचेरीत पाठवलं. त्यांची मुलगी एल्सी हिने एका ज्यू स्त्रीला स्वित्झर्लंडला पळून जायला मदत केली म्हणून १९४३ मध्ये गेस्टापोने तिला अटक केली. त्याच काळात कारखान्यात परदेशातून सक्तीने आणलेले मजूर राबत होते, हेही तितकंच खरं. युक्रेनहून आणलेल्या अशा बायकांचे हाल थोडे तरी कमी व्हावेत म्हणून एल्सी धडपडली होती. एकाच छपराखाली दोन्ही गोष्टी. आपण परदेशात पोट भरणारी माणसं. मालकाने दिलेल्या एका नेमणुकीच्या कागदाची किंमत काय असते हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. कुठल्या जुन्या कॅमेऱ्याला किंमत येते आणि कुठल्याला नाही?

पहिली गोष्ट म्हणजे जुनं तितकं महाग हा आपला समज सोडून द्यायचा. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीचा ब्राउनी कॅमेरा १९०० साली एका डॉलरला निघाला. लायकापेक्षा वयाने पाव शतक मोठा, पण लाखांनी खपला. त्यामुळे त्याच्या नेहमीच्या मॉडेलांना आजही किरकोळच पैसे मिळतात. लायकातलंच उदाहरण घ्या. १९५४ मध्ये निघालेला एम-३ सव्वादोन लाखांच्या आसपास बनला. उत्तम कॅमेरा, आजही लोक हौसेने वापरतात, पण दुर्मीळ नाही. त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे बातमीदारांसाठी १९५६-५७ मध्ये काढलेला एमपी. तो निघाला चारशेच्या आसपास. दिसायला दोघे जवळजवळ सारखे, पण बाजारात एक हजारात बोलतो आणि दुसरा लाखात.

दुसरी गोष्ट अस्सलपणाची. काळ्या रंगाच्या लायकाचा रंग वापराने झिजतो आणि कडांना खालचं पितळ चमकू लागतं. आपण काय करू? छान रंग मारून घेऊ. संग्राहक त्याला हातही लावणार नाही! त्याला ते उघडं पडलेलं पितळच हवं असतं. स्क्रू मूळचे हवेत, भिंग त्या काळचं हवं, डबा असला तर सोन्याहून पिवळं.

तिसरी गोष्ट कुळी. कॅमेरा कोणाच्या हातात होता? अमेरिकन युद्धछायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन याच्यासाठी खास बनवलेल्या चार एम-३डी कॅमेऱ्यांपैकी एक २०१२ मध्ये व्हिएन्नातल्या लिलावात सोळा लाख ऐंशी हजार युरोंना गेला. कुळी सांगायची तर पुरावा हवा. इथे लायकाच्या नोंदवह्या कामाला येतात. प्रत्येक कॅमेऱ्यावर क्रमांक असतो आणि तो कारखान्यातून कोणत्या तारखेला, कुठल्या विक्रेत्याकडे रवाना झाला याची नोंद जपलेली असते. आपल्याकडे नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला भटजींच्या वहीत खापरपणजोबांचं नाव सापडतं ना, तसंच.

आणि जिथे कुळीला किंमत, तिथे तोतये आलेच. १९३४ पासून युक्रेनमधल्या खारकोव्ह इथे अनाथ मुलांच्या एका वसाहतीत लायकाची हुबेहूब नक्कल बनू लागली. फेड तिचं नाव. पुढे मॉस्कोजवळ झोर्की निघाला. हे कॅमेरे आपल्या नावाने प्रामाणिकपणे विकले गेले. लबाडी केली ती नंतरच्या लोकांनी. वरचं नाव खरवडून 'लायका' कोरलं, सोन्याचा मुलामा दिला, जर्मन वायुदलाची चिन्हं ठोकली आणि पर्यटकांच्या गळ्यात मारलं. ओळखायची एक सोपी खूण आहे. भिंग फिरवून काढायचं आणि आत वरच्या बाजूला अंतरमापकाची दांडी बघायची. अस्सल लायकात तिच्या टोकाला छोटंसं गोल चाक असतं, नकलेत बहुधा नुसता पाचरीसारखा तुकडा. युरोपातल्या रविवारच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारात सोनेरी लायका कोणी पुढे केला तर एवढं जरूर बघा.

हे सगळं पाहून-ऐकून परत येताना आम्ही एका वृद्ध जर्मन गृहस्थांकडे गेलो. हयातभर कॅमेरे दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी नानांचा कॅमेरा पिशवीतून काढला, पालथा केला, क्रमांक वाचला आणि म्हणाले, "तीन-एफ." मग कानाशी धरून एक सेकंदाचं शटर सोडलं. डॉक्टर छाती तपासतात तसं. शटर अडखळत होतं. भिंग काढून दिव्यासमोर धरलं आणि आम्हाला बोलावून दाखवलं. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते.

"कुठे होता हा?"

"मुंबईला. कपाटात."

"चामड्याच्या केसमध्ये?"

आम्ही मान हलवली. त्यांनी सांगितलं की दमट हवेत चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला तेवढंच पुरतं. भिंगाचा वरचा लेप ती खाऊन टाकते. मुंबईचे साठ-एक पावसाळे त्या केसने मुकाट्याने आत साठवले होते. तीन-एफ हे मॉडेल १९५० ते १९५७ या काळात पावणेदोन लाखांच्या वर निघालेलं. चांगल्या अवस्थेतला असता तरी काहीशे युरो. हा असा? "दीडशे. फार तर दोनशे. आणि साफसफाई, दुरुस्ती करायची म्हटली तर तेवढाच किंवा जास्त खर्च." मग त्यांनी पिशवीत आणखी काय आहे म्हणून पाहिलं. तळाशी फोर्टमधल्या दुकानाचं बिल घडी घालून ठेवलेलं होतं. ते त्यांनी हलकेच उलगडलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मात्र वेगळं ठेवू नका. कॅमेरा आणि कागद एकत्र राहू द्या."

संध्याकाळी पुण्याला फोन केला. दोनशे युरो म्हटल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग भाऊ हसायला लागला. "म्हणजे एका गुडघ्याची मलमपट्टी." आक्का म्हणाली, मग विकता कशाला, राहू दे. आईचं मत कोणी विचारलं नव्हतं, ते तिने फोन हिसकावून घेऊन आपणहून दिलं. "त्यांचा कॅमेरा विकून मला चालायचं नाही." चालायचं या शब्दाचे दोन्ही अर्थ तिला अभिप्रेत होते की काय कोण जाणे. ऑपरेशनचे पैसे आम्ही तिघांनी मिळून उभे केले. कॅमेरा त्या गृहस्थांकडे दुरुस्तीला दिला. दोनशेच्या वस्तूवर अडीचशे खर्च झाले. बाजाराच्या गणितात हा आतबट्ट्याचा व्यवहार, पण शटर आता एक सेकंदाला एकच सेकंद घेतं.

वाचकहो, तुमच्याही गावाकडच्या माळ्यावर असा एखादा कॅमेरा असेलच. बहुतेक घरांत तो लायका नसेल, आग्फा क्लिक-३ असेल. बडोद्याला बनणारा, एका फिल्मवर बारा फोटो काढणारा तो काळा डबा. आपल्यातल्या कितीतरी जणांचं बालपण त्याच्यातूनच उतरलं आहे. त्याला लिलावात काही मिळणार नाही. तरी भारतात गेलात तर चार गोष्टी करा. कॅमेरा चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. ब्रासोने घासू नका, रंग मारू नका. आणि बिल, डबा, माहितीपुस्तक जे सापडेल ते त्याच्याबरोबरच ठेवा. निगेटिव्ह असतील तर त्या आधी वाचवा. कॅमेरे लाखांनी निघाले, तुमच्या आजीचा चुलीपुढचा फोटो मात्र एकच निघाला.

लहान मुलांना जुन्या कॅमेऱ्यांची गोडी असेल तर दिल्लीजवळ गुरुग्रामला २०१९ मध्ये 'म्युझियो कॅमेरा' नावाचं छान संग्रहालय उघडलं आहे, पुढच्या भारतवारीत दाखवा. आणि जर्मनीत असाल तर वेट्झलारला एक दिवस द्या. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनवरून थेट गाडी मिळते. सकाळी जुनं गाव बघावं, आयझेनमार्क्टच्या तबकडीवर उभं राहून एक फोटो काढावा, दुपारी बसने लाइट्झ पार्क गाठावं. चढ बराच आहे, तेव्हा पायात बूट चांगले घाला. जेवणाचा डबा नेलात तर नदीकाठी बाकं आहेत. आम्ही पोळी-भाजी तिथेच खाल्ली, आणि लानमधली बदकंही उपाशी राहिली नाहीत.